आमच्याच तलावावर आम्ही चोर? पालकमंत्री साहेबांना खुलं पत्र

माननीय पालकमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी वैनगंगेच्या काठच्या एका गावात राहणारा माणूस, ३१ वर्षं एसटीचं स्टेअरिंग फिरवलं, आता रिटायर. तुम्हाला त्रास द्यायचा माझा स्वभाव नाही. पण परवाच्या रविवारी जे झालं त्याच्यानं दोन रात्री झोप नाही, म्हणून लिहून राहिलो.

तुम्हाला आठवत असंल की नसंल, इलेक्शनच्या सभेत बाजारचौकात तुम्ही माइक हातात घेऊन म्हटलं होतं, "तलाव गावाचा आहे, गावाचाच राहीन, पाळीवर बसून गरी टाकणाऱ्या म्हाताऱ्याला कोणी उठवणार नाही." मी पुढच्याच खुर्चीवर होतो आणि टाळी सगळ्यात आधी मी वाजवली होती. तो म्हातारा मीच बाप्पा.

आता तलाव पाच वर्षांच्या लीजवर गेला. कागदावर संस्था ढिवर, म्हणजे मासेमार, बांधवांची आहे, ते बिचारे माझ्याच वर्गातले, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. पण मागून पैसा लावणारा ठेकेदार भलताच, त्याला गावात कोणी पाहिलंबी नाही. त्यानं पाळीवर बोर्ड ठोकला, "मासेमारीस सक्त मनाई". माणूस ठेवला, माणसाला मोटरसायकल दिली, मोटरसायकलले हॉर्न दिला.

साहेब, तुम्ही कधी गरी, म्हणजे मासे धरायचा गळ, टाकली का? नसंल टाकली तर थोडं सांगतो, कारण हे समजल्याशिवाय माझं दुखणं तुम्हाला समजणार नाही.

सकाळी पाचला उठायचं. आदल्या दिवशीच उकिरडा उकरून गांडुळं काढून नारळाच्या करवंटीत ओल्या मातीत ठेवलेली असतात, त्याच्यावरून बायको दरवेळी बोलते, करवंटी स्वयंपाकघरातली काऊन घेतली म्हणून. वेळूची काडी, तंगूस, ज्वारीच्या धांड्याचा बोटभर तुकडा तरंगायला, झालं सामान. सगळं मिळून शंभर रुपयाचं नसंल. करंजीच्या झाडाखाली बसलं की पाण्यावरून धूर उठल्यासारखं धुकं, पलीकडच्या बांधीतून बगळे उठतात, आणि मंग कोणी काही बोलत नाही. ३१ वर्षं मी हॉर्न, घंटी, सुट्ट्या पैशाची भांडणं आणि पोट्ट्यांची रडारड ऐकली. ते न बोलणं मला पेन्शनपेक्षा मोठं वाटते.

आणि तो धांडा. बारकी मासोळी असंल तर टुकटुक करते, नुसतं तोंड लावून पळते. मोठा मासा आला तर तुकडा आधी जरासा आडवा होते, थांबते, आणि मंग सरकन खाली. तेवढ्यात छातीत जे होते ते मी डॉक्टरलेबी सांगितलं नाही, बीपीची गोळी वाढवली असती त्यानं. कतला वरच्या पाण्यात फिरते, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, म्हणून तंगूस किती सोडायचा हे ज्याचं त्याला माहीत. मरळीला तर बेडकुली लावून पाण्यावर नाचवावी लागते. पण पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिलांचा गुच्छ दिसला की गरी आवरून घ्यायची, कारण खाली मरळ राखण करत असते. ती गेली की पिलं दुसऱ्यांच्या पोटात जातात. हे मला माझ्या बापानं शिकवलं, तुमच्या कोण्या योजनेनं नाही.

तर परवा नातू सोबत होता, आठ वर्षांचा, शाळेला सुटी म्हणून आला. त्याची पहिलीच गरी. दोन तास काहीच नाही, पोट्ट्यानं मोबाइलचं नाव नाही काढलं, हेच मला नवल. साडेआठच्या सुमारास त्याचा धांडा आडवा झाला आणि खाली गेला, त्यानं काडी धरली, मी म्हटलं हळू, हळू घे, आणि मागून हॉर्न. त्या माणसानं उतरून पोराच्या हातातून काडी ओढली आणि गुडघ्यावर मोडली. "चोरी करून राहिले का बे?" माझं वय ६४, साहेब. नातवासमोर मला कोणी बे म्हणायचं, हे तुमच्या सभेत ठरलं होतं का? वरून ५०० रुपये दंड घेतला, पावती मागितली तर म्हणे पावतीबुक संपलं. पावतीबुक संपते, दंड संपत नाही, काय सुंदर व्यवस्था आहे.

गावात गरी टाकणारे शंभर तरी असतील, बायको म्हणते तीस. बरं तीस धरा. तीस म्हाताऱ्यांनी आठवड्यात दोन-चार मासोळ्या काढल्यानं ठेकेदाराचं दिवाळं निघते का? रात्री जाळं टाकून ट्रक भरून कोण नेते ते त्या हॉर्नवाल्याला दिसत नाही, त्याला करवंटी दिसते.

आता बोलतोच आहे तर सगळंच बोलतो. हे मामा तलाव, माजी मालगुजारी म्हणून मामा, गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधले, आपल्या पूर्व विदर्भात सहा-सात हजार असतील, कोणी कमी सांगते कोणी जास्त. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून सरकार मामा झालं आणि आम्ही भाचे. पण या मामानं भाच्याला कधी जेवू नाही घातलं, नुसता गाळ चढू दिला, काठानं बेशरमाची झुडपं वाढू दिली, आणि आता लीजवर देऊन मोकळं. गोसीखुर्द धरणाचं तर बोलूच नका, १९८८ ला राजीव गांधींनी दगड ठेवला तेव्हा मी नोकरीतबी नव्हतो, ३७२ कोटींचं काम होतं म्हणे, आता हजारो कोटी झाले आणि माझी नोकरी लागून संपली तरी ते पूर्ण व्हायचंच आहे. वरून नागपूरच्या नाग नदीची घाण कन्हानमधून आमच्या वैनगंगेत. त्याच्यासाठी कोणाची काडी मोडली का कोणी?

२०२३ मध्ये तुमच्या सरकारनं पापलेटला राज्यमासा केलं. अभिनंदन. आमच्या गावात अर्ध्या लोकांनी पापलेट फक्त फोटोत पाह्यलं. मरळ, वाघूर, शिंगाडा या आमच्या माशांना मुंबईचं तिकीट नाही मिळालं वाटते. २०२५ मध्ये मासेमारीला शेतीचा दर्जा दिला, चांगलंच केलं, पण शेतीचा दर्जा म्हणजे काय हे आम्हा धानवाल्यांना विचारा, बोनसची वाट पाहणं यालाच म्हणतात.

मागणं मोठं नाही. एका काडीवाल्याला घरी खाण्यापुरतं आठवड्यातून एक दिवस बसू द्या, लीजच्या कागदात तशी एक ओळ घाला. त्या ५०० रुपयांची पावती पाठवा, पैसे नाही मागत. आणि बे म्हणणाऱ्याला सांगा, काडी मोडायचीच असंल तर माझी मोडायची होती.

आपला,
करंजीखालचा म्हातारा

ता. क. काडी मोडली तेव्हा गरीला मासा होता. तो गरी आणि हातभर तंगूस घेऊन तसाच आत गेला. नातू त्याच्या गावाला परत गेला, पण रोज संध्याकाळी फोन करते आणि विचारते, "आबाजी, त्याच्या तोंडातली गरी निघाली असंल का?"