ही कढी शिळी नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या मालिका पुन्हा उकरून काढण्याच्या हौसेवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. शिळ्या कढीला ऊत, हे लेखकाचं म्हणणं दहापैकी नऊ वेळा खरं. पण त्याच पंगतीत त्यांनी ‘गनस्मोक : रिटर्न टू डॉज’ हा १९८७ चा टीव्हीपट बसवला, ते पटलं नाही. मुलाकडे अमेरिकेत होतो तेव्हा मालिकेचे बरेच भाग आणि मागोमाग हा चित्रपट पाहिला, म्हणून हा पत्रप्रपंच.

‘गनस्मोक’ ही मूळची वेस्टर्न मालिका. अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर १९५५ ते १९७५ अशी वीस वर्षं, ६३५ भाग ती चालली. कॅन्ससमधल्या डॉज सिटीचा मार्शल, म्हणजे पोलीसप्रमुखच म्हणा, मॅट डिलन आणि तिथलं सलून, म्हणजे दारूचा गुत्ता, चालवणारी किटी, यांचं काय आहे ते अख्ख्या गावाला ठाऊक, पण बोलायचं कुणी नाही! शेवटच्या वर्षी तर किटी मालिकेतच नव्हती, आणि निरोपाचा भाग न होताच सगळं बंद पडलं. तेव्हा प्रेक्षकांचं देणं राहिलंच होतं.

मला भावली ती जुन्या भागांतली दृश्यं. १९६९ च्या एका भागात विल मॅनन नावाच्या बंदूकबाजाने गावाला वेठीला धरलं होतं. चित्रपटात तोच मॅनन तुरुंगातून सुटून सूड घ्यायला येतो, आणि नटही तोच, स्टीव्ह फॉरेस्ट. मधेच जुनं दृश्य येतं : ताठ मानेचा, भरल्या अंगाचा मॅट. लगेच आजचा मॅट, साठी उलटलेला, डोळ्यांखाली पिशव्या. असं वय कुठल्या रंगभूषाकाराला चढवता येणार? मॅट झालेल्या जेम्स आर्नेसच्या उजव्या पायाला १९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत गोळ्या लागल्या होत्या. त्या पायाने त्याला जन्मभर छळलं. आमच्यासारखे गुडघे धरून उठणारे प्रेक्षक त्याच्या चालण्याकडेच बघत बसतात.

उणिवा आहेतच. मॅटचा मदतनीस फेस्टस नाही, म्हणजे मिठाशिवाय आमटी. गावचे डॉक्टर ‘डॉक’ झालेले मिलबर्न स्टोन तर १९८० मध्येच गेले होते. चित्रीकरण कॅनडात, अल्बर्टामध्ये. सपाट कॅन्सस डोक्यात बसलेल्याला ते खटकतं.

पण किटी परत येते आणि तरीही लग्न होत नाही, इथे मी या मंडळींना मानलं. वीस वर्षं जे बोलले नाहीत, ते आता मुंडावळ्या बांधून उभे राहिले असते तर हसू आलं असतं. किटी झालेल्या अमांडा ब्लेक १९८९ मध्ये वारल्या. पुढे १९९० ते १९९४ दरम्यान आणखी चार चित्रपट निघाले, त्यांत किटी नाही.

लेखकमहाशयांनी हा चित्रपट पुन्हा पाहावा, पण आधी मॅननचा तो जुना भाग पाहून मग.

आपला,
एक जुना वाचक, सातारा