प्रौढांचे ऑनलाइन वर्ग: चवथीला गावी येणाऱ्यांना आणि बारमाही गावातच असणाऱ्यांना मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

माटोळीच्या (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या) बाजाराच्या धांदलीत कुणाला एवढे लांब पत्र वाचायला सवड नाही, हे ठाऊक आहे. तरी आत्ताच लिहावे लागते. चवथ आटोपली की वास्को, फोंडा, मुंबई, पुण्याची मंडळी गाड्यांत बसतात आणि मग वर्षभर फक्त ग्रुपवर अंगठे दिसतात.

आधी ऋण. २ ऑक्टोबर १९७८ रोजी देशभर प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्या काळात देवळाच्या चौकात कंदिलाच्या उजेडात वर्ग घेणाऱ्या मास्तरांच्या पाट्या वाचनालयाच्या माळ्यावर अजून जपून ठेवल्या आहेत. देवस्थान समितीने सभागृह दिले आणि आजवर एक पैसा भाडे मागितले नाही. २०२० च्या टाळेबंदीत घरी बसलेल्या आपल्याच निवृत्त बाईंनी फोंड्याहून फोनवर पहिला वर्ग घेतला. आज पुणे, म्हापसा, फोंडा अशा तीन ठिकाणांहून शिक्षक बोलतात, तेही विनामूल्य. आखातात नोकरीला असलेल्या वाड्यावरच्या मुलांनी वर्गणी काढून ४३ इंची टीव्ही पाठवला. साखळीच्या बाजारातल्या भुसारी दुकानदारांनी लॅपटॉप दिला, वर दर दिवाळीला पोह्यांचे पोतेही देतात. बायकांच्या स्वयंसाहाय्य गटाने सतरंज्या शिवल्या, पाच वर्षे झाली तरी उसवलेल्या नाहीत. खाणीवर ट्रक चालवलेल्या एका सदस्याने इन्व्हर्टर बसवून दिला, तारांचे काम स्वतः केले आणि नावाची पाटी लावू दिली नाही. या सगळ्यांच्या जिवावर वर्ग उभे आहेत.

आता थोडे कडू. टीव्हीसाठी तीन दाते पुढे आले होते. बॅटरीत घालायच्या पाण्यासाठी एकही नाही. उद्घाटनाला नारळ फोडायला माणसे मिळतात, महिन्याचे इंटरनेटचे बिल भरायचे म्हटले की सभागृह रिकामे होते. गेल्या वर्षी याच दिवसांत केलेल्या आवाहनाला किती प्रतिसाद आला ते जाहीर करत नाही, वाचणाऱ्यांना आपापला आकडा माहीत आहे.

काही जण विचारतात, ३० मे २०२५ ला, घटक राज्य दिनी, उल्लास या केंद्राच्या साक्षरता कार्यक्रमाखाली गोवा पूर्ण साक्षर जाहीर झाला, मग आता वर्ग कशाला? अभिमान आम्हालाही आहे. पण सही करता येणे वेगळे आणि बँकेचा मेसेज वाचून पैसे आले की गेले हे ओळखणे वेगळे. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हे एक वाक्य अंगवळणी पडायला चार तास जातात. फसवणूक झालीच तर १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन करायचा, पुतण्या घरी येईपर्यंत थांबायचे नाही. पेन्शनचा हयातीचा दाखला, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, लाइट बिल, हे सगळे याच वर्गात शिकवले जाते.

दुसरा वर्ग दहावीचा. २०१२ ला आणि पुन्हा २०१८ ला खाणी बंद पडल्या, तेव्हा दहावीचा कागद नसल्याने किती जण अडले ते गावाने पाहिले आहे. एनआयओएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयात, पाच विषय, प्रत्येकात ३३ टक्के, आणि नोंदणी पाच वर्षे चालते. त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, एकेक विषय सोडवत गेले तरी चालते. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला असतात. आपल्याकडे मार्च ते मे निम्मा वर्ग काजीत (काजूच्या कामात) असतो, म्हणून आम्ही ऑक्टोबरचीच परीक्षा धरतो. बाहेरचे सल्लागार एप्रिलचा आग्रह धरतात, त्यांनी कधी बोंडू वेचलेले दिसत नाहीत.

वर्ग बुडतो तो शिक्षकांमुळे नाही आणि शिकणाऱ्यांच्या आळसामुळेही नाही. शाळेतले मूल दोन दिवस चुकले तरी तिसऱ्या दिवशी येते. पन्नाशीची बाई स्वयंपाक आवरून साडेसातला येते, दोनदा टीव्हीवर नुसते चक्र फिरताना बघते आणि तिसऱ्यांदा येत नाही. लाजेने कारणही सांगत नाही.

चक्र का फिरते? फायबरची तार माडाच्या झावळीने तुटते, माकडे ओढतात, चानी (खारी) कुरतडतात. तार तुटली की इंटरनेटच्या डब्यावर लॉस (LOS) असे लिहिलेला लाल दिवा लागतो. अशा वेळी मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रीसेट करू नये. तार जोडली जात नाहीच, उलट डब्यात भरलेली जोडणीची माहिती पुसली जाते आणि एका दिवसाचे काम चार दिवसांचे होते. जूनच्या आणि परतीच्या पावसाच्या गडगडाटात फायबरमधून वीज येत नाही, ती अडॅप्टरमधून येते. म्हणून नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग उपटून ठेवायचा. सभागृहाच्या चिऱ्याच्या जाड भिंतीतून वाय-फाय मागच्या खोलीत जात नाही, त्यातही ५ गिगाहर्ट्झ तर मुळीच नाही. तिथे रिपीटर लावून पैसे घालवू नयेत, ३० मीटर लॅन केबल ओढून दुसरा राउटर लावायचा. हे काम गावातली मुले करतील, केबल मात्र हवी.

आवाजाचे म्हणाल तर एका खोलीत दोन फोन माइक उघडे ठेवून जोडले की शीळ वाजते. सभागृहात एकच माइक आणि एकच स्पीकर, बाकी सगळे बंद. ब्लूटूथचे हेडफोन कुणी देऊ नयेत. माइक चालू झाला की त्यांचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, आणि ऐन वर्गात चार्जिंग संपते. तारेचे द्यावेत.

सशुल्क झूम घ्या, असे सुचवणारे पुष्कळ. नको. फुकटच्या झूमला ४० मिनिटांची मर्यादा आहे, गूगल मीटवर तिघे किंवा जास्त असले तर ६० मिनिटे मिळतात. आपला वर्ग ५० मिनिटांचाच, त्यापुढे डोळे थकतात.

खरी निकड बॅटरीची. जुनी मेली, कारण पाणी आटून प्लेटा उघड्या पडल्या आणि वर कुणीतरी विहिरीचे पाणी ओतले. आपल्या विहिरीचे पाणी कितीही गोड असले तरी त्यात क्षार असतात, बॅटरीला डिस्टिल्ड पाणीच लागते, दर दोन-तीन महिन्यांनी, खुणेपर्यंत. नवी १५० एएच ट्युब्युलर बसवली की टीव्ही, लॅपटॉप, राउटर आणि तीन ट्यूब चार तास चालतील. दोन पंखेही लावले तर अडीच तास. वर्गाला तेवढे पुरे.

हिशेब: बॅटरी, जुनी परत देऊन, १५,०००. इंटरनेट वर्षाचे, कर धरून, ९,९१२. दोन सोबत्यांचे मानधन दरमहा १,५०० प्रमाणे दहा महिने, ३०,०००. हेडफोन १२, नग ४५०, एकूण ५,४०० (आठ जुन्या गोल पिनेचे, चार टाइप-सी). फोनचे स्टँड १,८००. सभागृहाचा माइक-स्पीकर ६,०००. केबल व दुरुस्ती २,५००. दहावीच्या शुल्काला मदत १०,०००. बेरीज ८०,६१२. शिल्लक २२,०००. म्हणजे ५८,६१२ हवेत.

सोबती म्हणजे शिकणाऱ्या चौघांमागे बसणारा एक जण. बारावी झालेली मुले-मुली चालतील. नियम एकच: शिकणाऱ्याचा फोन स्वतःच्या हातात घ्यायचा नाही. आपण करून दिले की काम होते, शिकणे होत नाही.

जुने फोन देणार असाल तर अँड्रॉइड १० किंवा पुढचे, ३ जीबी रॅम, बॅटरी फुगलेली नको. देण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन आपले गूगल खाते काढावे, मगच रीसेट. बटणे दाबून बाहेरून रीसेट केलेला फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसतो आणि आमच्या कपाटात पडून राहतो.

रोख रक्कम खजिनदारांकडे, पावती घ्यावीच. यूपीआयचा क्यूआर वाचनालयाच्या फलकावर आहे, पडद्यावर संस्थेचे नाव दिसल्याशिवाय पिन टाकू नये. ८०जीची नोंदणी नाही, करात सवलत मिळणार नाही. अनंत चतुर्दशीपर्यंत द्यावे, पुढच्या सोमवारी साडेसातला वर्ग सुरू. सोम-बुध फोन व बँक, मंगळ-गुरू दहावी. वस्तू शनिवारी चार ते सहा.

आपला,
चिटणीस, कार्यकारी मंडळाच्या वतीने

ता. क. साखळीला जाणाऱ्या कुणीतरी येताना डिस्टिल्ड पाण्याचा पाच लिटरचा कॅन आणावा. पैसे खजिनदार लगेच देतील.