गाडी घे, पण उजेडात ये

यादोगोपाळ पेठ, सातारा
सोमवार, दि. १७ नोव्हेंबर २०२५

चि. मनीषास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास तेव्हा सव्वाआठ वाजले होते. त्यानंतर मी दोनदा फोन हातात घेतला आणि दोन्ही वेळा खाली ठेवला, कारण आपण फोनवर बोलू लागलो की तुझा आवाज चढतो, माझा रडवेला होतो आणि मूळ विषय तसाच राहतो. म्हणून पत्र लिहीत आहे. अद्वैत झोपल्यावर सावकाश वाच.

'गाडीच घेऊ नकोस' असे मी म्हणायला नको होते, हे प्रथम लिहून टाकते. ती पांढरी अल्टो विकलीस त्याला अकरा वर्षे झाली. त्या वर्षी गाडीबरोबर आणखी काय काय गेले त्याविषयी मी काही लिहिणार नाही. नंतर ॲक्टिवा, रिक्षा, स्वारगेटची एसटी आणि मार्च २०२२ मध्ये वनाजची मेट्रो सुरू झाल्यापासून ती मेट्रो, एवढ्यावर तू संसार आणि नोकरी दोन्ही चालवलेस, आणि 'गाडी नसल्याने माझे काही अडत नाही' असे शकूआत्याला ताठ मानेने सांगितलेस. अद्वैतला ताप आला होता त्या रात्री अडले होते, हे मला बापूभावजींकडून कळले. तू सांगितले नाहीस. त्यामुळे गाडी घेण्याचा तुझा निर्णय मला चैनीचा वाटत नाही.

मला काळजी आहे ती फक्त रात्रीच्या प्रवासाची. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर तू निघणार आणि रविवारी जेवण उरकून रात्री परत जाणार, असे तू ज्या उत्साहाने सांगितलेस त्याच क्षणी माझ्या डोळ्यांसमोर पुण्याच्या नवले पुलाचा उतार आला. गुरुवारी तिथे जो अपघात झाला तो तू पाहिलाच असशील. दोन अवजड वाहनांच्या मध्ये सापडलेल्या त्या कारचे चित्र टीव्हीवर इतक्या वेळा दाखवले की शेवटी यांनी तो बंद केला. तीन वर्षांपूर्वी, २० नोव्हेंबर २०२२ ला, त्याच उतारावर ४८ वाहनांना धडक बसली होती. तो रविवार होता आणि वेळ रात्रीची होती. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडले की उतार सुरू होतो, आणि डिझेल वाचवण्यासाठी ट्रक न्यूट्रलमध्ये सोडणारे लोक असतात, हे मी तुझ्या बाबांच्या तोंडून कितीतरी वर्षे ऐकत आले आहे. मागून असे वाहन आले तर तुझी गाडी एसयूव्ही आहे की अल्टो, याने फारसा फरक पडत नाही. असो. हा विषय इथेच थांबवते. पुन्हा काढणार नाही.

गाडीविषयी बोलू. तू पाठवलेल्या तीन नावांचा मी वहीत तक्ता केला आहे. (सत्तावीस वर्षे गणित आणि विज्ञान शिकवलेल्या बाईकडून तुला दुसरी काय अपेक्षा असणार?) नेक्सॉन आणि ब्रेझा दोन्ही ३९९५ मिलिमीटर लांब आहेत, म्हणजे चार मीटरला फक्त अर्ध्या सेंटिमीटरने कमी, आणि तो अर्धा सेंटिमीटर सरकारच्या नियमासाठीच राखलेला आहे. चार मीटरच्या आत आणि १२०० सीसीपर्यंतचे पेट्रोल इंजिन असेल तर २२ सप्टेंबरपासून जीएसटी १८ टक्के. लांबी किंवा इंजिन, दोन्हींपैकी काहीही त्यापुढे गेले की थेट ४० टक्के. एखाद्या आखूड गाडीचेही इंजिन मोठे असू शकते, म्हणून दरपत्रकावर दोन्ही आकडे तपासून घे. क्रेटा ४३३० मिलिमीटर म्हणजे सरळच दुसऱ्या गटात. शिवाय किंमत दहा लाखांच्या वर गेली की आपल्या राज्यात पेट्रोल गाडीचा रस्ताकर अकराऐवजी बारा टक्के होतो. तुझ्या सोसायटीत खांबांच्या मध्ये जी जागा मिळाली आहे ती आधी टेपने मोज आणि दार उघडून माणूस उतरू शकेल का तेही पाहा. गाडी मावली आणि चालक आतच अडकला, असे बापूभावजींच्या मुलाचे झाले होते.

तुला एसयूव्हीच का हवी, असे मी काल कुत्सितपणे विचारले. तू उत्तर दिले नाहीस, पण उत्तर मला ठाऊक होते. मागच्या दिवाळीत त्या भाड्याच्या बुटक्या गाडीत बसताना बाबांचा गुडघा वाकेना, आणि बोरणे घाटाच्या पायथ्याशी उतरताना तू त्यांना काखेत हात घालून उठवलेस. तेव्हा ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मला म्हणाले, "पोरीच्या अंगात ताकद आहे." तू उंच आसनाची गाडी शोधते आहेस ती त्यांच्यासाठी, हे त्यांनाही कळले आहे. म्हणून माझी एक सूचना आहे: शोरूममधील मुलगा तुला स्टीअरिंगवर बसवून पडद्यावरची गाणी आणि छतातील खिडकी दाखवील, ती दाखवू दे, पण पैसे भरण्यापूर्वी बाबांना मागच्या आसनावर बसवून आणि उतरवून पाहा. फार उंच पायरीही त्यांना जमत नाही. खुर्चीत बसल्यासारखे, न वाकता आणि न चढता बसता आले पाहिजे. छताच्या खिडकीतून अद्वैतने डोके बाहेर काढलेले मला कळले तर मी साताऱ्याहून चालत येईन.

आणि मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता. गाडी महागडीच होती. अद्वैत कुरकुर करील. करू दे.

तू गाडीच्या सुरक्षेच्या पाच ताऱ्यांचे सांगत होतीस. नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ते मिळाले तेव्हा भारतात तयार होऊन इथेच विकल्या जाणाऱ्या कोणत्याही गाडीला ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत तोपर्यंत मिळालेले नव्हते, आणि ती आपल्या रांजणगावला बनते, याचा मलाही आनंद आहे. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची चाचणीही सुरू झाली आहे. पण त्या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवतात, हे विसरू नकोस. तू हायवेवर नव्वदने येणार. वेग चौसष्टचा नव्वद झाला तर आदळण्याची ऊर्जा दीडपट होत नाही, ती वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ दुप्पट होते. आठवीत तुलाच मी हे फळ्यावर करून दाखवले होते आणि तू मैत्रिणींसमोर 'आई' म्हणायचे की 'बाई' या विचारात असल्याने लक्ष दिले नव्हतेस. नव्वदच्या वेगाने गाडी एका सेकंदात पंचवीस मीटर जाते. दिवसा समोरचे दोनशे मीटर दिसतात. रात्री, समोरच्याने प्रखर दिवा मारलेला असताना, किती दिसतात ते तूच सांग. शिवाय या गाड्या अल्टोपेक्षा उंच आणि कितीतरी जड असतात, वळणावर त्यांचा तोल निराळा असतो, आणि तुझे हात अकरा वर्षे स्कूटरच्या मुठीवर आहेत.

हे पुन्हा व्याख्यान झाले आणि पुन्हा रात्रीवरच आले. क्षमा कर. वर्गात तास संपल्याची घंटा तरी व्हायची.

मात्र काल तू म्हणालीस, "मग एसटीत माणसे मरत नाहीत का?" ते बाबांनी ऐकले. फोन स्पीकरवर होता. त्यांना राग आला नाही, पण जेवताना ते गप्प होते, आणि रात्री साडेदहाच्या सुमारास अंधारातच बोलू लागले. तुला सांगावे की नाही याचा मी रात्रभर विचार केला, आणि आज सकाळी त्यांनाच विचारले. ते म्हणाले, "लिही."

२००१ च्या श्रावणातील गोष्ट आहे. तेव्हा ते एसटीच्या चिपळूण रातराणीवर चालक होते. आदल्या दिवशी तुझ्या बारावीच्या प्रवेशाच्या कागदांसाठी दुपारभर कचेरीत उभे राहिल्याने त्यांची झोप झाली नव्हती, आणि ड्युटी बदलून मागणे त्यांच्या स्वभावात नव्हते. कुंभार्ली घाट उतरताना धुके आणि पाऊस होता, तोवर ते सावध होते. घाटाची अवघड वळणे संपली, पोफळीचे दिवे दिसू लागले, आणि 'आता झाले' असे मनात आले तेवढ्यात डोळा लागला. किती वेळ, ते त्यांना आजही सांगता येत नाही. कंडक्टर पुढे उभा राहून हिशेब जुळवत होता, त्याने घंटेची दोरी इतक्या जोरात ओढली की ती तुटली. जाग आली तेव्हा डाव्या बाजूचा कठडा हातभर अंतरावर होता. गाडीत बेचाळीस उतारू होते आणि सगळे झोपलेले होते. चिपळूणला उतरताना एका म्हातारीने त्यांना, "सांभाळून आणलंस रे बाबा," असे म्हटले.

कंडक्टर कोणाला काही बोलला नाही. पाच वर्षांनी पंचवीस वर्षांच्या विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला, त्या समारंभाला तू पुण्याहून मुद्दाम आली होतीस आणि फोटोत त्यांच्यापेक्षा तूच जास्त हसते आहेस. तो बिल्ला त्यांनी एकदाही गणवेशावर लावला नाही. मला वाटायचे की साधेपणा आहे. चोवीस वर्षे एका खोलीत झोपून मला हे ठाऊक नव्हते, आणि काल कळल्यावर मी रागावले की रडले, हेही मला नीट सांगता येणार नाही.

त्यांच्या निरोपाचे शब्द तसेच लिहिते: घाटात सगळे जागे असतात, घाट संपल्यावर झोप येते. म्हणजे तुझ्या बाबतीत, खंबाटकीचा बोगदा आणि त्यापुढचे वळण मागे पडल्यावर, खेड शिवापूरचे दिवे दिसू लागल्यावर, 'आता पुणे आलेच' असे वाटल्यावर. आणि तिथून पुढे तोच उतार आहे. दुसरे असे की ज्या गिअरात चढ चढावा त्याच गिअरात उतरावा. तू आपोआप गिअर बदलणारी गाडी घेणार असशील तर उतारावर हाताने गिअर खाली कसा धरायचा ते शोरूममध्येच शिकून घे, नुसत्या ब्रेकवर उतरू नकोस. आणि घेण्याआधी ओळखीच्या शिकवणीत आठ-दहा दिवस पुन्हा हात बसव. यात कमीपणा नाही. मोठ्या सुट्टीवरून आल्यावर तेही पहिली फेरी सावकाश करीत असत.

डिझेलचा विचार सोडून दे. तुझे रोजचे जाणे मेट्रोनेच राहील आणि गाडी आठवड्यातून दोनदा निघेल. अशा थोड्या, थांबत-थांबत चालण्याने नव्या डिझेल गाड्यांची धूर गाळणारी जाळी काजळीने भरते, असे समोरच्या गॅरेजवाल्या मुलाने सांगितले. कर्ज सात वर्षांचे घेऊ नकोस. माझी चार लाखांची ठेव मार्चमध्ये सुटते आहे. ती तुझ्यासाठीच होती, फक्त कशासाठी ते ठरले नव्हते. 'मी माझे बघीन' असे उत्तर पाठवू नकोस. ते वाक्य मी पुष्कळ ऐकले आहे आणि त्याचा मला अभिमानही आहे, पण या वेळी नको.

आज दुपारी मी हे लिहीत असताना बाबा काठी घेऊन खाली उतरले. गणपतीनंतर ते प्रथमच जिना उतरले असतील. पाहते तो शेजारच्या सुताराकडून टेप आणून आपला बोळ मोजत होते. सुताराचे पोर टेपचे दुसरे टोक धरून भिंतीशी उभे होते. बोळ सात फूट दोन इंच भरला, त्यात एका बाजूला गटाराची फरशी. तुझ्या तिन्ही गाड्या सहा फुटांच्या आत-बाहेर रुंद आहेत, त्यात आरसे धरलेले नाहीत. म्हणजे आत येईल, पण उतरता येणार नाही. त्यांनी लगेच देवळाच्या गुरवांना विचारून पारामागची जागा ठरवून टाकली आणि तिथे कोणी स्कूटर लावू नये म्हणून दोन विटा ठेवून आले. गाडी अजून बुकही झालेली नाही, हे मी त्यांना म्हटले नाही.

शनिवारी सकाळी निघालीस तर दहापर्यंत इथे पोचशील आणि भाकरी गरम मिळेल. रविवारी जेवून दुपारी दोनला निघालीस तर उन्हातच वारज्याला लागशील. एक रात्र इथे कमी होईल, ते मला चालेल.

अद्वैतला पापा.

तुझी,
आई

ता. क. बाबा म्हणतात, रंग पांढरा घे, अंधारात मागच्याला लांबून दिसतो. मला पांढरी नको होती, का ते तुला ठाऊक आहे. पण ते म्हणतात तर पांढरीच घे.