आधार खटल्याच्या तारखांना हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खून झालेल्या घरी समुपदेशक जातो तो बहुधा पहिल्या आठवड्यात. तासभर बसून घडलेले सगळे वदवून घेतो आणि फाइल बंद होते. जागतिक आरोग्य संघटनेने असे एकाच बैठकीत मन मोकळे करून घेणे टाळायलाच सांगितले आहे. शिवाय, दुसरा मानसिक विकार नसेल तर शोकग्रस्तांना बेन्झोडायझेपिन गटातल्या झोपेच्या गोळ्या देऊ नयेत, असे तिच्या 2013च्या मार्गदर्शनात आहे. तरी चिठ्ठीवर पहिली तीच असते.

त्या आठवड्यात लागते ते साधे आहे. बातमी फोनवर न देता दोघांनी घरी जाऊन द्यावी, आणि 'खून' हाच शब्द वापरावा. 'काहीतरी बरेवाईट झाले' म्हटले की तोच धक्का दोनदा बसतो. मृतदेह केव्हा मिळेल, तपास कोणाकडे आहे, हे कागदावर लिहून द्यावे. कानावर पडलेले त्या दिवशी डोक्यात राहत नाही. मुलांना 'बाबा झोपलेत' सांगू नये, ती झोपायला घाबरू लागतात.

खरा त्रास पुढे सुरू होतो. घरच्यांनी प्रसंग पाहिलेला नसतो, म्हणून मन तो रोज नव्याने रंगवते. 'तिने हाक मारली असेल का?' हा प्रश्न रात्री दोनला येतो. सिएटलचे मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड रायनीअर्सन यांची पद्धत इथे उपयोगी पडते. साधारण 10 साप्ताहिक बैठका होतात. आधी मन शांत करायचा सराव, मग गेलेल्या माणसाच्या जगण्याच्या आठवणी, आणि त्यानंतरच मृत्यूचा प्रसंग. हा क्रम उलटा केला की लोक दुसऱ्या बैठकीला येत नाहीत.

दीर्घकालीन शोकविकाराचे, म्हणजे शोक ओसरत नाही आणि रोजचे जगणे अडते त्या विकाराचे, निदान आयसीडी-11 या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणानुसार 6 महिन्यांनंतर करता येते, डीएसएम या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या 2022च्या सुधारित आवृत्तीनुसार प्रौढांत 12 महिन्यांनंतर. तोवर अनेकदा खटला उभाही राहिलेला नसतो. म्हणून आमचे म्हणणे, भेटी खटल्याच्या तारखांना बांधा: शवविच्छेदन अहवाल, आरोपपत्र, साक्ष, निकाल, आरोपीची सुटका. आठवडाभर आधी फोन, त्या दिवशी शेजारी एक माणूस, दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. शिक्षा झाली तरी निकालानंतरचा फोन चुकवू नका. इतके दिवस संतापाने उभे ठेवलेले माणूस नेमके तेव्हा कोसळते. मारणारा घरातलाच असेल तर कोर्टात कोणत्या बाजूला बसायचे, इथपासून प्रश्न असतात.

जप्त वस्तू परत मिळतात तो दिवस कोणाच्याच यादीत नसतो. सीलबंद पाकिटात घड्याळ, मोबाइल, शर्ट. आधी कोणीतरी यादी वाचून दाखवावी, डाग कुठे आहेत ते सांगावे, आत्ता उघडायचे की नंतर हे विचारावे. आणि शर्ट परस्पर धुऊ नये. डागासोबत माणसाचा वासही जातो, आणि तो पुन्हा मिळत नाही.

एक विनंती आपल्याकडेही. निकालाच्या बातमीसोबत जुने छायाचित्र छापणार असाल, तर आदल्या दिवशी घरच्यांना कळवा. कोणते छायाचित्र चालेल, तेही विचारा.

आपले,
शोकसमुपदेशनात काम करणारे काही वाचक