नंबर काढायचा तो कुणामध्ये?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर फ्लेक्स झळकतो. यंदाही झळकला. कॉलेजात पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो, खाली टक्के, आणि तिच्या फोटोपेक्षा मोठे असे पाच पुढाऱ्यांचे फोटो. महिन्याभराने सीईटीचा, म्हणजे इंजिनीअरिंगसाठीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल आला. फ्लेक्स तोवर तिथेच होता, पण त्यावरच्या टक्क्यांना आता काही किंमत उरली नव्हती.

या मुलीला मी दोन वर्षे फिजिक्स शिकवले. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ही आजीजवळ राहते. वर्नियर कॅलिपरचे रीडिंग चुकले तर पुसून न टाकता शेजारी दुसरे लिहिणारी माझ्या पाहण्यातली ही एकटीच. सीईटीचे केंद्र साठ किलोमीटरवर होते. संगणकासमोर सलग तीन तास बसण्याची तिची ती पहिलीच वेळ. पर्सेंटाइल आले ७१, म्हणजे परीक्षा दिलेल्या दर शंभरातली साधारण ७१ मुले तिच्या मागे. सरकारी इंजिनीअरिंगचा विषय तिथेच संपला. आता बीएस्सी करते म्हणते.

नियम सरळ आहे. इंजिनीअरिंगसाठी पीसीएमला, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सला, खुल्या वर्गाला ४५ टक्के, राखीवला ४० टक्के मिळाले की बारावीचे काम झाले. पुढचा सगळा कारभार पर्सेंटाइलचा. मेडिकलला पीसीबीचे (मॅथ्सच्या जागी बायोलॉजी) खुल्या वर्गाला ५० टक्के आणि मग नीट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. मुले हुशार असतात, त्यांनी यातून घ्यायचा तो अर्थ घेतला आहे. माझ्या हजेरीपटावर बारावी सायन्सची ८० नावे आहेत आणि वर्गात असतात चौदा. बाकीचे लातूर-नांदेडला क्लासला. ते उगवतात प्रॅक्टिकलच्या आदल्या आठवड्यात, एकाच्या जर्नलवरून दहाजणांनी उतरवलेली जर्नले घेऊन, सहीसाठी. मी सही करतो. २०१८ साली सरकारने बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. त्या यंत्रावर आमच्याकडे सध्या कॅलेंडर टांगलेले आहे.

यावर आपल्या पत्रसदरात नेहमी एक मागणी येते : बारावीच्या गुणांना पुन्हा वजन द्या, निम्मे-निम्मे करा. हे करून झाले आहे. २००४च्या आधी इंजिनीअरिंगचे प्रवेश बारावीवरच होत. ‘ग्रुपला किती?’ (म्हणजे पीसीएमला किती गुण) हा त्या काळचा प्रश्न चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. २०१४ आणि २०१५ला बारावी व जेईई मेन ही देशपातळीवरची परीक्षा यांना अर्धे-अर्धे वजन होते, ते दोन वर्षांत गुंडाळले. माझाही या मागणीला पाठिंबा नाही. कारण लाजिरवाणे आहे, पण लिहितो. प्रॅक्टिकलचे ३० गुण आमच्या हातात असतात आणि आम्ही २८-२९च्या खाली उतरत नाही. शेजारचे कॉलेज ३० देते, मग आमच्या पोरांनी काय पाप केले? कॉपीबद्दल तर बोलायलाच नको. २०२१ साली लेखी परीक्षाच झाली नाही, मूल्यमापन आम्हीच केले. राज्याचा निकाल लागला ९९.६३ टक्के.

गुण असे फुगतात, पण नंबर फुगत नाही. सगळ्यांना २८ दिले तरी आमच्या कॉलेजात पहिली येणारी तीच मुलगी राहते. आणि पर्सेंटाइल म्हणजे तरी काय? नंबरच. सीईटी नंबर काढते तो राज्यभरातल्या काही लाख मुलांमध्ये : दोन वर्षे क्लास, टेस्ट सिरीज, घरी लॅपटॉप असलेल्यांमध्ये ऊसतोड्याच्या मुलीचा. माझे म्हणणे एवढेच की काही जागांपुरता तरी हा नंबर तिच्याच बाकांवर, तिच्याच मास्तरांच्या हाताखाली शिकलेल्यांमध्ये काढा.

असे जगात कुठे होते का? अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात १९९७ पासून होते. प्रवेशात वंशाचा विचार करायला तिथे न्यायालयाने १९९६ साली मनाई केली. त्यावर विधिमंडळाने तोड काढली, की कुठल्याही हायस्कूलच्या वरच्या दहा टक्क्यांत आलेल्या मुलाला राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश. शाळा ह्यूस्टनच्या श्रीमंत उपनगरातली असो की मेक्सिकोच्या सीमेवरची, दहा टक्के ते दहा टक्के. ऑस्टिनच्या मुख्य विद्यापीठात एवढी गर्दी झाली की तिथली मर्यादा उतरत उतरत सहा टक्क्यांवर आणि त्याखाली आणावी लागली. आपल्याकडेही हा विचार अगदीच परका नाही. आयआयटी-एनआयटीला बारावीच्या ७५ टक्क्यांची अट आहे, पण आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असलात तरी चालते. फक्त तिथे मोजमाप अख्ख्या मंडळाचे आहे, ते एकेका कॉलेजापर्यंत खाली आणायचे. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयातल्या वरच्या पाच टक्क्यांसाठी सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजांत थोड्या जागा ठेवा.

मग पुण्याची मुले नंबरासाठी आमच्याकडे नाव घालतील, हा आक्षेप मला ठाऊक आहे. टेक्सासमध्येही काहींनी नंबर मिळावा म्हणून शाळा बदलल्या. खरोखर येऊन दोन वर्षे वर्गात बसणार असतील तर येऊ देत बापडे. त्यांच्या पालकांच्या ओरड्याने आमच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नळ तरी येईल. भीती आहे ती कागदावर येणाऱ्यांची, आणि ते आत्ताच आलेले आहेत. म्हणून ७५ टक्के खरी हजेरी नसेल त्याला या यादीत जागा नको. त्यासाठी यंत्रावरचे कॅलेंडर आधी आम्हालाच उतरवावे लागेल.

अकरावीचे प्रवेश आता सुरू आहेत. काल तीन पालक भेटून गेले. प्रयोगशाळा कशी आहे, शिक्षक किती आहेत, यातले कुणी काही विचारले नाही. तिघांचा प्रश्न एकच होता : “सर, हजेरीचं काही टेन्शन नाही ना?”

आपला,
एक कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षक, जि. बीड