जेट मोठा करण्याआधी पेट्रोल पोचतंय का ते बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हायवेवर रात्री गाड्या पळवणाऱ्यांविरुद्ध वाचकांच्या तक्रारी येतात, त्या रास्त आहेत. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. हे पत्र मात्र त्या मुलांसाठी, जी रोजच्या वापरातली जुनी कार्बोरेटरची एस्टीम, जिप्सी किंवा ८०० परवानगी असलेल्या बंद धावपट्टीवर ड्रॅगला, म्हणजे सरळ पट्ट्यातल्या शर्यतीला, नेतात. शर्यतीच्या ४०२ मीटरमध्ये गाडी दबली, म्हणजे ओढ कमी पडली, की परत आल्यावर फिटरला एकच सांगणं असतं: "जेट मोठा घाला." जेट म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमधला बारीक भोकाचा स्क्रू, त्यातून इंजिनला पेट्रोल मोजून जातं. आणि फिटरही मोठा घालून देतो. जेटमध्ये तार किंवा ड्रिल फिरवून भोक वाढवणारेही आहेत. तो जेट कायमचा गेला, कारण त्यावरचा भोकाच्या मापाचा आकडा मग खोटा होतो.

गाडी नेमकी कुठे दबते, हे आधी विचारायला हवं. सुटताना दबणं आणि शेवटच्या शंभर-दीडशे मीटरमध्ये दबणं हे दोन वेगळे आजार आहेत.

आधी शेवटचा घेऊ, कारण त्यातच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. गाडी तिसऱ्या गिअरपर्यंत झकास ओढते, मग कुणीतरी मागून धरल्यासारखी मंदावते. हिशेब सोपा आहे. थोडं काम केलेलं १३०० सीसीचं इंजिन ८० हॉर्सपॉवर देत असेल, तर पूर्ण अ‍ॅक्सिलेटरवर ते मिनिटाला सुमारे ४०० मिली, म्हणजे सेकंदाला साडेसहा-सात मिली पेट्रोल पितं. सुरुवातीचे काही सेकंद बाऊलमधला, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीतला, साठा पुरतो. टाकीतून पेट्रोल आणणाऱ्या पंपाकडून तितकंच मागून आलं नाही तर पातळी उतरत जाते आणि फिनिशच्या अलीकडे मेन जेट हवा ओढायला लागतो. अशा गाडीत मोठा जेट घातला तर बाऊल आणखी लवकर रिकामा होणार, दुसरं काय!

मारुतीच्या या कार्बोरेटरांत बाऊलला एक गोल काच असते. सपाट जागी, इंजिन स्लोवर (पेडल न दाबता नुसतं चालू) असताना पेट्रोलची पातळी त्या काचेवरच्या गोल खुणेत दिसली पाहिजे. धावपट्टीवर फिनिशनंतर क्लच दाबून, गिअर काढून लगेच इग्निशन बंद करा. सुरक्षित जागी थांबल्यावर काच बघा. गाडी घरंगळत असेपर्यंत स्टिअरिंग लॉक होणार नाही अशाच स्थितीत चावी ठेवा, आणि इंजिन बंद झाल्यावर ब्रेक जड होतात हेही लक्षात असू द्या. पातळी खुणेच्या बरीच खाली गेली असेल तर दोष पेट्रोलच्या पुरवठ्यात आहे. मग क्रमाने बघायचं: फिल्टर, टाकीतली जाळी आणि गंज, चिमटलेला किंवा आतून सुटलेला होज, पंपाचा डायफ्राम (रबरी पडदा), बाऊलमध्ये पेट्रोल आत सोडणाऱ्या निडल व्हॉल्व्हची सीट. टाकीचं झाकण उघडताना 'सूं' करून हवा आत गेली तर झाकणाचं ब्रीदर, म्हणजे हवा आत घेणारं भोक, बंद आहे. तिथे नवा पंपही काही करू शकणार नाही. इलेक्ट्रिक पंप असेल तर इंजिन थंड असताना कार्बोरेटरकडचा होज मापाच्या धातूच्या भांड्यात सोडा आणि अर्धा मिनिट मोजा. किमान साडेतीनशे मिली आलं पाहिजे. मोजताना फायर एक्स्टिंग्विशर हाताशी हवा.

आता सुटताना दबणं. इंजिन बंद ठेवून वरून कार्बोरेटरच्या तोंडात बघत अ‍ॅक्सिलेटर हाताने फिरवा. लिंकेज (पेडलकडून येणारी जोडणी) हलता क्षणीच कार्बोरेटरच्या आतल्या छोट्या अ‍ॅक्सिलेटर पंपाच्या नळीतून सरळ धार आली पाहिजे. थेंब थेंब आली, किंवा थोडं फिरवल्यावर आली, तर या छोट्या पंपाचा डायफ्राम, चेक बॉल (पेट्रोल मागे न जाऊ देणारी गोळी) किंवा लिंकेजची ढिलाई बघा. धार ठीक असूनही गाडी दबत असेल तर मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) आहे की जाड (पेट्रोल जास्त), ते आवाजावरून कळतं. पातळ असेल तर इंजिन क्षणभर मेल्यासारखं होतं आणि कार्बोरेटरमधून उलटा फटका मारतं. जाड असेल तर घोगरतं आणि मागे काळा धूर सोडतं. हवा कमी करणारा चोक किंचित ओढून पाहिल्यावर सुधारलं तर पातळ, बिघडलं तर जाड. फ्लोटचं, म्हणजे बाऊलमधली पातळी राखणाऱ्या तरंगत्या डब्याचं, लेव्हल इथेही गोंधळ घालतं. जोरात सुटताना बाऊलमधलं पेट्रोल मागे सरकतं. लेव्हल कमी असेल तर जेट उघडा पडतो, जास्त असेल तर पेट्रोल व्हेंटमधून (बाऊलच्या हवेच्या नळीतून) सरळ कार्बोरेटरच्या घशात सांडतं. फ्लोटची जीभ वाकवून लेव्हल लावायचं, पण एका वेळी केसभर.

कार्बोरेटरचा दुसरा बॅरल (जोर लागल्यावर उघडणारा हवेचा दुसरा मार्ग) व्हॅक्यूमने, म्हणजे इंजिनच्या हवेच्या ओढीने, उघडणारा असेल तर त्याचा डायफ्राम तपासा. रॉड हाताने दाबून व्हॅक्यूमचं भोक बोटाने बंद करायचं आणि रॉड सोडायचा. तो दाबलेलाच राहिला तर डायफ्राम शाबूत, परत आला तर फाटलेला. आणि सीटवर एकाला बसवून पेडल तळापर्यंत दाबायला सांगा. थ्रॉटलची, म्हणजे हवेची वाट उघडणारी, चकती पूर्ण उभी होते का? जाड मॅट किंवा ढिली केबल यांमुळे ती पाऊणच उघडलेली सापडते, आणि तोवर दोन जेट बदलून झालेले असतात.

पॉइंटचा गॅप, टायमिंग, प्लग आणि टॅपेट यांच्याविषयी लिहीत बसत नाही. ते नीट नसेल तर कार्बोरेटरला हातच लावू नये.

इंजिनची हवेची ओढ मोजणाऱ्या व्हॅक्यूम गेजबद्दल एक खुलासा. पुस्तकात स्लोवर १८ ते २१ इंच (पाऱ्याचे) लिहिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, इथे सुमारे अडीच इंच कमीच दिसणार. स्थिर १६-१७ इंच आले म्हणून लिकेज शोधत फिरू नका. सुई खूपच खाली असेल किंवा थरथरत असेल तर कार्बोरेटरखालचं पॅकिंग आणि ब्रेक बूस्टरचा होज बघा.

एवढं सगळं झाल्यावर जेट. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे मिश्रण जुन्या पेट्रोलच्या तुलनेत सात-आठ टक्के पातळ पडतं, हे खरं. पण आपल्या उंचीवरच्या विरळ हवेमुळे ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास जाड होतं. म्हणजे निम्मी भरपाई इथली हवाच करते. राहिलेल्या चार टक्क्यांसाठी जेटच्या व्यासात दोनच टक्के वाढ लागते, कारण प्रवाह व्यासाच्या वर्गाने वाढतो. मिलिमीटरच्या शतांशात आकडा असलेला ११२.५ चा जेट असेल तर ११५ पुरे. १२५ घालणाऱ्याने प्लगवरची काजळी पुसायची तयारी ठेवावी. हीच गाडी चोर्ला घाट उतरून गोव्यात नेली की उंचीची भरपाई संपते आणि मिश्रण पुन्हा पातळ होतं. तिथे आणखी एक पायरी मोठा जेट खिशात हवा, नाहीतर पूर्ण अ‍ॅक्सिलेटरवर पिस्टनला धोका आहे.

उन्हाळ्यात पहिली धाव चांगली आणि दुसरी रडतखडत, असं झालं तर रांगेत उभ्या गाडीच्या बाऊलमध्ये पेट्रोल उकळलेलं असतं. कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारा जाड फायबरचा स्पेसर घाला, होज एक्झॉस्टपासून लांब न्या आणि रांगेत बॉनेट उघडं ठेवा.

इथेनॉल आपल्या भागातल्या उसापासूनही बनतं, त्याच्याशी आमचं वैर नाही. पण ते पाणी ओढतं. पावसाळाभर उभ्या गाडीच्या बाऊलमध्ये पांढरा-हिरवट थर धरतो आणि जुनं रबर फुगतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बाऊल रिकामा करून ठेवावा. शहरातल्या स्पेअर पार्टच्या दुकानदारांना विनंती, की या कार्बोरेटरांची किट मागवताना डायफ्राम आणि ओ-रिंग इथेनॉल सोसणाऱ्या, व्हायटनसारख्या रबराच्या आहेत का, ते पुरवठादाराला विचारून घ्यावं. दोन पैसे जास्त द्यायला गिऱ्हाईक तयार आहे.

आपले,
जुन्या कार्बोरेटर गाड्यांचे काही फिटर,
उद्यमबाग, बेळगाव