मेस्त्रीकाका, होडीतल्या पेट्यांसाठी थँक्यू

मेस्त्रीकाका,

तुमच्याकडे बटनांचा फोन, त्यामुळे हे तुमची नात तुम्हाला वाचून दाखवणार आहे, तिला सांगून ठेवलंय. तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरा बरा, चाय घेतलंस?" करून विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय, आता बदला विषय.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. आमची होडी मालवणची, छोटी, लाकडी, मागे आउटबोर्ड मशीन, बाबा आणि माझा भाऊ असे दोघंच जातात. डेक वगैरे काही नाही, सगळं उघडं. जाळी, बर्फ, मासळी, पेट्रोलचा कॅन, पाने, जादा प्लग, लाइफ जॅकेट, होडीची कागदपत्रं, बाबांचा डबा, हे सगळं एकमेकांवर लोळत असायचं आणि मशीनचा प्लग बदलायची वेळ आली की नेमका पाना बांगड्यांच्या खाली. आजोबांच्या वेळची एक आंब्याच्या फळीची पेटी होती ती तौक्ते वादळात गेली, २०२१ च्या मे मध्ये, तेव्हा इथे लोकांच्या अख्ख्या होड्या गेल्या त्यामुळे पेटीचं कोण रडत बसणार. तेव्हापासून थर्माकोलचे खोके. एक हंगाम पण धड टिकत नाहीत, वर त्यांचे दाणे पाण्यात जातात ते वेगळंच.

प्लास्टिकचा रेडीमेड आइसबॉक्स घ्या असं खूप जणांनी सांगितलं. मी त्याला नावं ठेवत नाही, मोठ्या बोटींवर सपाट डेक असतो तिथे तो मस्त बसतो. पण आमच्या होडीला सरळ असं काहीच नाही ना, खाली पठाणाकडे, म्हणजे तळाच्या मधल्या लांब लाकडाकडे, निमुळती, बाजूला गोलाई, मध्ये बरगड्या. चौकोनी बॉक्स ठेवला की तो दोन बरगड्यांवर डुगडुगणार, आणि बाजूला जी तिकोनी जागा उरणार ती फुकट. एवढ्याशा होडीत वीतभर जागा फुकट घालवणं परवडत नाही.

तर होडीत नीट बसतील अशा लाकडी पेट्या करून घ्यायला तुमच्याकडे मी वहीत मापं लिहून घेऊन आले होते, लांबी रुंदी उंची सगळं व्यवस्थित, आणि तुम्ही वही न उघडता बाजूला ठेवलीत. "आधी होडीक विचार, मगे माका सांग." मला वाटलं काका आता टोलवणार. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वतःच आलात, पिशवीत जुने पुठ्ठे, गोंद, पेन्सिल आणि एक छोटा लाकडी ठोकळा. पावसाचे दिवस, होडी वर ओढून झावळ्यांनी झाकलेली, त्या झावळ्यांच्या खाली वाकून तुम्ही आणि मी, वय तुमचं सत्तरीच्या पुढे आणि कंबर माझी दुखतेय.

तो ठोकळ्याचा प्रकार मला लिहायचाच आहे कारण मी इतकं साधं आणि इतकं हुशार काही बघितलं नव्हतं. पुठ्ठा होडीत उभा धरायचा, ठोकळ्याला पेन्सिल चिकटवून धरायची आणि ठोकळा होडीच्या फळीला घासत वरून खाली न्यायचा. होडी जिथे वळते तिथे ठोकळा वळतो, पेन्सिल पण वळते, पुठ्ठ्यावर होडीच्या पोटाची रेघ आपोआप उतरते. त्या रेघेवर कापलं, परत लावून बघितलं, कुठे फट दिसली की पट्टी चिकटवली, कुठे टेकला की कापला. मोजपट्टी तुमच्या खिशातून बाहेर आलीच नाही. आणि डाव्या बाजूचा पुठ्ठा उजवीकडे उलटा लावून दाखवलात तेव्हा तो बसला नाही! बोटभर फरक. होडी हाताने बांधलेली, दोन्ही कुशी एकसारख्या नाहीत हे बाबांना पण इतक्या वर्षांत माहीत नव्हतं (आता ते म्हणतात माहीत होतं).

जागा पण तुम्हीच ठरवल्यात. बर्फ-मासळीची जड पेटी मध्ये आणि जेवढी खाली जाईल तेवढी खाली, जाळ्याची तिच्या पुढे, हत्यारं आणि कागदपत्रांची छोटी पेटी मागे मशीन चालवणाऱ्याच्या हाताशी. नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, काही जड नको म्हणालात, नाक जड झालं तर होडी लाटेवर चढायच्या ऐवजी लाटेत घुसते. आणि एकही पेटी होडीला ठोकायची नाही. भावाला वाटत होतं स्क्रूने फिट करून टाकू, हलणारच नाहीत. त्यावर तुम्ही जे बोललात ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण मुद्दा असा की होडीच्या फळीला नवीन भोक म्हणजे पाण्याला नवीन दरवाजा, आणि पेटी निघाली नाही तर तिच्याखाली कुजतंय काय ते कधी कळणारच नाही. म्हणून पेट्या बरगड्यांच्या मध्ये अडकून बसतात, वरून दोरीने आवळतात, आणि खाली दोन इंच मोकळी जागा ठेवलीत, आत आलेलं पाणी पेटीखालून वाहत मागे येतं आणि तिथून उपसता येतं.

आता प्लायवूडची गंमत. सांगाडा फणसाचा करायचा ठरलं, आमच्याच परसातलं फणसाचं लाकूड वाळवून माळ्यावर पडलेलं होतं, पण फळ्यांसाठी मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायवूड. दुकानाचं नाव घेत नाही, पण दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं एकदम मरीन आहे, वर शिक्का पण होता. तुम्ही शिक्का बघितलात, वास घेतलात, एक छोटा तुकडा कापलात आणि सरळ आईला म्हणालात एक जुना टोप दे. आईने दिला, तिला वाटलं चहा करणार. तो तुकडा तुम्ही चुलीवर उकळत ठेवलात! खऱ्या मरीन प्लायला, म्हणजे आयएस ७१० या सरकारी मानकाच्या प्लायला, टेस्टमध्ये ७२ तास उकळतात आणि तरी थर सुटता कामा नयेत. आमच्या तुकड्याचे दुपारच्या जेवणापर्यंत चिरोट्यासारखे पदर सुटले. तो ओला तुकडा पिशवीत घालून मी दुकानात गेले, काउंटरवर ठेवला, काही बोलले नाही. प्लाय बदलून मिळाला. नवीन आणला त्याचा पण तुकडा तुम्ही उकळलातच, तो दुसऱ्या दिवशीपर्यंत उकळून पण तसाच्या तसा, आणि आईने आता तो टोप तुमच्या नावाने वेगळा ठेवलाय.

स्क्रूंचं पण तसंच. लोखंडी तर प्रश्नच नाही, पण पितळी मला वाटलं चालतील, दिसतात पण छान. तुम्ही तुमच्या डब्यातून एक जुना पितळी स्क्रू काढलात, गुलाबी पडलेला, आणि दोन बोटांत मोडून दाखवलात. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं, मागे उरतं ते नुसतं भुसभुशीत तांबं. म्हणून स्टेनलेस, त्यात पण ३१६ नंबरचा, ३०४ ला खारी हवा लागून लागून चहाचे डाग पडल्यासारखं होतं. महाग पडले. पण प्रत्येक स्क्रूसाठी तुम्ही जे केलंत ते बघून पैशाचं काही वाटलं नाही, आधी मोठं भोक पाडायचं, ते इपॉक्सीने, म्हणजे सुकून दगडासारखा होणाऱ्या गोंदाने, भरायचं, सुकलं की त्याच्या मधोमध परत बारीक भोक पाडून मग स्क्रू. म्हणजे स्क्रूच्या बाजूने पाणी शिरलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. भावाने विचारलं एवढं कोण बघणार आहे, तुम्ही म्हणालात "पाणी बघतला."

बर्फाच्या पेटीला दोन भिंती, मध्ये दोन इंच फोम, आतून फायबरचं अस्तर आणि पांढरा रंग. लाकूड उघडं ठेवलं की मासळीचं रक्त आत मुरतं आणि वास कधीच जात नाही, म्हणून अस्तर. आतले सगळे कोपरे तुम्ही गोल केलेत, वाटीने इपॉक्सीची लापशी ओढत ओढत, म्हणजे धुताना घाण अडकत नाही. खाली लाकडी पट्ट्यांची जाळी, मासळी वितळलेल्या पाण्यात बसत नाही, आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यात बूच. बाबा पूर्वी बर्फ कमी न्यायचे, वजन नको म्हणून, आणि वितळतोच म्हणून. आता किलोला किलो नेतात, जेवढी मासळी अंदाजे तेवढाच बर्फ, आणि लिलावाच्या वेळी पण खाली बर्फ शिल्लक असतो. बांगडा ताठ असतो, डोळे स्वच्छ, कल्ले लाल. भाव किती वाढला ते मी लिहिणार नाही, नजर लागते, पण पेट्यांचा खर्च अंगावर आला नाही एवढं सांगते.

मला सगळ्यात आवडलं ते शेवटचं. पेट्या तयार झाल्या, रंग सुकला, मी फोटो काढायला फोन काढला आणि तुम्ही म्हणालात थांब. तंगूसच्या, म्हणजे बारीक नायलॉनच्या, जाळ्याचा एक जुना फाटका तुकडा घेतलात आणि पेटीवर टाकून सावकाश ओढायला लागलात. या बाजूने, त्या बाजूने, झाकणाच्या कडेवरून, खालून. जिथे जाळं अडकलं तिथे पेन्सिलीने फुली. बघायला गेलं तर हाताला काहीच लागत नव्हतं, मी बोट फिरवून बघितलं, एकदम गुळगुळीत, पण जाळ्याला लागत होतं. मग कानस, मग पॉलिश पेपर, मग परत जाळं. जाळं सुटताना भराभर जातं, पेटीच्या कोपऱ्याला अडकलं तर एकतर फाटतं नाहीतर माणसाला ओढतं. त्यासाठीच झाकणांना बिजागरी नाही, कडी-कोयंडा नाही, झाकण वरून टोपीसारखं बसतं आणि दोरीने बांधायचं, उचलायला पण दोरीचेच कान. स्क्रूंची डोकी आत बुडवून वर लाकडाची गुट्टी. "जाळा अडाकला तर पेटी परत घेऊन ये," असं सांगून मगच फोटो काढू दिलात.

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली तेव्हापासून अजून एकदाही अडकलेलं नाही. भाऊ आता पेटीवर बसूनच जेवतो. लाइफ जॅकेट वरती हाताशी आहेत, पूर्वी कुठेतरी खाली दाबलेली असायची, आणि मला घरी बसून त्याचंच जास्त बरं वाटतं, मासळीच्या भावापेक्षा पण.

पैशांवरून मात्र तुमच्याशी भांडण बाकी आहे. सामानाची पै न पै बिलं दाखवलीत आणि मजुरीचं विचारलं तर "दी गे बाय तुका वाटात ता", हा काय हिशोब झाला? बाबांनी दिले ते तुम्ही मोजले पण नाहीत. म्हणून दर शनिवारी मासळी येते ती मजुरीतच धरा, उपकार म्हणून परत पाठवू नका, मागच्या वेळी सुरमईचं डोकं परत आलं ते आईला लागलंय.

आणि एक काम आहे. आमच्या शेजारच्या दोन होडीवाल्यांनी पेट्या बघितल्या, ते माझ्याकडे पुठ्ठ्याचे साचे मागायला आले होते. मी दिले नाहीत. त्यांच्या होडीला ते बसणारच नाहीत, आणि तुम्हाला कळलं असतं तर मला ऐकावं लागलं असतं. त्यांना तुमच्याकडे पाठवतेय. बाबा म्हणतात उद्या-परवा स्कूटर घेऊन तुम्हाला न्यायला येतो, ठोकळा तेवढा बरोबर घ्या, पुठ्ठे मी गोळा करून ठेवलेत.

तुमची,
होडीवाल्याची मुलगी